आमच्या नगरचे नाताळ-गायन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणीतरी एकीने आपल्या माहितीच्या विषयावर बोलावे, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. मागे पापड-कुरडयांवर झाले, बाळंतिणीच्या आहारावर झाले, एकीने पंढरीच्या वारीची हकीकत फार छान सांगितली. या खेपेस चिटणीसबाई माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या नाताळच्या गाण्यांवर बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी झालेली बाई. भाषण कसले करणार?" तर म्हणाल्या, "भाषण करू नका. नुसते सांगा." म्हणून सांगते. कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

जाताजाता त्यांनी एक विचारले, "ती गाणी इंग्रजीच असतात ना?" हे मला इथे पुष्कळ जणी विचारतात. रेडिओवर, टीव्हीवर, दुकानांतून डिसेंबरात जे वाजते ते ऐकून तसे वाटणे साहजिक आहे. पण माझे माहेर अहमदनगरचे. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झाले, आम्ही आपले नगरच म्हणतो. आणि नगरच्या ख्रिस्ती वस्तीत नाताळ येतो तो ढोलकी-पेटीवर, मराठीत.

अमेरिकन मिशनचे लोक नगरला आले १८३१ साली. त्यांनी आपल्या चाली आणल्या, त्यांची भाषांतरे केली. पण ती गाणी आपल्या लोकांच्या गळ्यात बसेनात. पुढे नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तने उभी केली. मग १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि सगळे पालटले. टिळक म्हणजे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान. आपल्या वाचनालयात ते पुस्तक आहे, ज्यांनी वाचले नसेल त्यांनी न्यावे. हसून हसून पोट दुखेल आणि मध्येच डोळ्यांना पदर लावावा लागेल. तर टिळकांनी अभंग, ओव्या, पदे, भजने अशी शेकडो लिहिली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यामुळे आमच्या उपासनेत टाळ आले, पेटी आली, आणि नाताळात पाळणा आला. रामनवमीला आपण जसा पाळणा म्हणतो तसाच. बाळ कोणाचेही असो, ते जन्मले की मराठी बाईच्या तोंडी पाळणाच यायचा!

नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतला, त्याचा अर्थ जन्म. आणि कॅरल म्हणजे मुळात फेर धरून म्हणायचे गाणे. हे मास्तरांनी आम्हाला सांगितले तेव्हा आम्ही मुली एकमेकींकडे पाहून म्हटले, म्हणजे हा तर साहेबाचा भोंडलाच झाला की! मास्तरांनाही ते आवडले.

मास्तर म्हणजे आमच्या गायक मंडळाचे चालक. शाळामास्तर नव्हेत; वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ होते. अंगात खाकी कोट, पायांत टायरच्या चपला, आणि कानाला असे तिखट, की तिसऱ्या ओळीतला कोण बेसूर आहे ते पाठमोरे असून सांगत. रागावले तर ओरडत नसत. पेटीचा भाता सोडून देत. तो फुस्स आवाज झाला की सगळे गप्प.

मी १९९२ साली सातवी झाले आणि शाळा सुटली. घरी धाकटी भावंडे होती. त्याच वर्षी आईने मला गायक मंडळात नेऊन उभे केले. आई तिथे आल्टो म्हणत असे. आता आल्टो म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आपल्या भजनात ती गोष्ट नाही. आपण सगळ्याजणी एकच चाल म्हणतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या समूहगायनात त्याच वेळी चार चाली चालतात. बायकांचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा वरचा टेनर आणि खालचा बास. सोप्रानोकडे गाण्याची मुख्य चाल. ऐकणारा तीच ऐकतो, तीच गुणगुणत घरी जातो. आल्टोला दाद मिळत नाही. आल्टो एकटीच म्हणू लागली तर शेजारीण विचारील, काय हो, हे कसले रडगाणे? पण आल्टो काढून घेतली की गाणे पोकळ वाटते, वरणात मीठ विसरल्यासारखे.

हे शिकवण्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. पाच रेघांवरचे टिपके वाचणारे आमच्यात दोघेच. बाकी सगळ्यांना मास्तर फळ्यावर अक्षरे लिहून देत: दो, रे, मी, फा, सो, ला, टी. मात्रा दाखवायला उभ्या रेघा आणि दोन-दोन टिंबे. बस्स, एवढेच. ही पद्धत मुळात काढली इंग्लंडात नॉरविच गावच्या सारा ग्लोव्हर नावाच्या एका शिक्षिकेने, आणि जॉन कर्वेन नावाच्या पाद्र्याने ती सुधारून एकोणिसाव्या शतकात देशोदेशी पोचवली. ज्यांच्या घरी पियानो नाही, ज्यांना शिकवणी परवडत नाही, अशांनाही गाता यावे हा त्यांचा हेतू. कर्वेनचे नाव राहिले, साराबाईंचे फारसे कोणी घेत नाही. महिला मंडळात तरी घ्यावे म्हणून मुद्दाम सांगितले.

यातला दो म्हणजे आपला सा. आपला सा जसा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे काळी दोन, काळी पाच असा कोठेही धरता येतो, तसाच हा दोसुद्धा सरकता. मला ते दोन दिवसांत समजले. शाळेत गणिताने माझा फार छळ केला होता. पण ही अक्षरे पाहिली की सूर आपोआप कानात वाजू लागे. शाळा सुटल्यावर मी जे काही नवे वाचायला शिकले ते हेच, आणि अजून विसरलेले नाही.

मास्तरांचा पहिला धडा 'जॉय टू द वर्ल्ड' या गाण्याचा. आयझॅक वॉट्स यांनी १७१९ साली ९८ व्या स्तोत्रावरून लिहिलेले हे गाणे. आम्ही त्याचे मराठी म्हणत असू. त्याच्या चालीची गंमत अशी, की पहिल्या ओळीत वरच्या सापासून खालच्या सापर्यंत सातही सूर ओळीने उतरतात, एकही गळत नाही. मास्तर म्हणत, "माडीवरून खाली या. एकही पायरी चुकवायची नाही आणि धावायचे नाही."

डिसेंबर लागला की रोज दिवेलागणीनंतर तालीम. चार आवाज चार कोपऱ्यांत. आमचा कोपरा सतरंज्यांच्या कपाटापाशी. प्रत्येकीने आपली चाल शंभरदा घोटायची. ती पाठ झाली की मास्तर दोन आवाज एकत्र करत. तिथे खरी परीक्षा. शेजारची सोप्रानो कानाशी वरची चाल म्हणत असते आणि आपला गळा नकळत तिच्यामागे जातो. नव्या मुली एका कानात बोट घालत. आईने मला ते करू दिले नाही. म्हणाली, "कान बंद करून काय गाणार? तिचे ऐक आणि तुझे सोडू नकोस." मला ते जमायला दीड महिना लागला, म्हणजे पहिला नाताळ तसाच गेला. पण दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी चारही कोपरे मधोमध आले, मास्तरांनी हात वर केला, आणि पहिल्याच सुराला अंगावर सर्रकन काटा आला. माझ्या तोंडून निघालेला सूर मला निराळाच ऐकू आला. एकटीचा असताना तो कधीच इतका गोड नव्हता.

नाताळच्या आधीचे आठ-दहा दिवस रात्री घरोघर जायचे. नगरची डिसेंबरातली थंडी तुम्हाला ठाऊक असेल. कानटोप्या, स्वेटर, वरून शाली. पेटी एकाच्या गळ्यात अडकवलेली, ढोलकी दुसऱ्याच्या, पुढे गॅसबत्ती धरलेला मुलगा. तोंडात ज्येष्ठमध. एका पोराला कापसाची दाढी लावून नाताळबाबा करत, तो थंडीने कुडकुडत असे आणि दाढीतला कापूस त्याच्या तोंडात जाई. दारात उभे राहून आधी टिळकांचे एखादे पद ढोलकीवर, मग चार आवाजांचे एखादे, मग पाळकसाहेबांची छोटी प्रार्थना. घरचे लोक चहा देत, करंजी, चिवडा, शंकरपाळी देत. होय, आमचाही नाताळचा फराळच असतो, केक नंतर आला. डब्यात जे पैसे पडत त्यांतून ज्यांच्या घरी अडचण असेल तिथे रवा-साखर-डालडा पोचवत, कोणाला न कळेल असे.

पोरे 'जिंगल बेल्स'चा हट्ट धरत. ते गाणे अमेरिकेत १८५७ साली छापले गेले. घोड्याच्या बर्फगाडीचे गाणे आहे ते, त्यात नाताळचे नावही नाही. आणि नगरला बर्फ म्हणजे कुल्फीवाल्याकडचा! पण मास्तर शेवटच्या घरी ते म्हणू देत. पोरांचाही सण आहे, म्हणत.

वाटेत हिंदू घरे होती, दोन-तीन मुसलमानांची होती. एक आजी दर वर्षी ओट्यावर गूळ-शेंगदाण्याचे ताट घेऊन बसलेल्या असत आणि पाळणा म्हणवून घेतल्याशिवाय हलू देत नसत. पाळणा झाला की हात जोडून म्हणत, "झोपलं गं बाळ, जावा आता."

ढोलकीचे पद चांगले की चार आवाजांचे, यावरून गायक मंडळात नेहमी वाद. म्हातारी माणसे म्हणत, हे कोपऱ्या-कोपऱ्यांतले गाणे आपले नव्हे. तरुण म्हणत, पदे काय रोजचीच आहेत. मास्तरांनी कोणाचेच ऐकले नाही, दोन्ही ठेवले. माझे मत विचाराल तर पदाने पाय हलतात आणि चार आवाजांनी श्वास थांबतो. मला दोन्ही हवे.

आता एक वर्षाचे सांगते.

१९९६ च्या डिसेंबरात, नाताळला तीन आठवडे असताना, आई गेली. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत संपले. मी सतरा वर्षांची होते. त्या वर्षी आमच्या दाराला चांदणीचा कंदील लागला नाही, कढई चढली नाही. शेजारच्या काकू, मराठ्यांच्या होत्या, रोज पिठले-भाकरी घेऊन येत आणि आम्ही जेवेपर्यंत उठत नसत. वडील अंगणात खुर्ची टाकून बसत, बोलत नसत. मी तालमीला गेले नाही आणि मला कोणी बोलावलेही नाही.

दुःखाच्या घरी गाणे न्यावे की न्यावे नाही, यावर तिकडे पुष्कळ बोलणे झाले, हे मला मागाहून कळले. काहीजण म्हणाले, दार टाळून जावे, त्यांना उगीच त्रास. काहीजण म्हणाले, तिच्याच घरी नाही गेलो तर कोणाकडे जाणार? मास्तर काही बोलले नाहीत म्हणे.

तेवीस तारखेच्या रात्री गल्लीच्या तोंडाशी ढोलकी ऐकू आली. आजींच्या ओट्यावर पाळणा झाला. मग ढोलकी थांबली. धाकटा भाऊ खिडकीशी होता, तो म्हणाला, "बत्ती खाली ठेवली." आम्हाला वाटले, आमचे घर सोडून मागल्या गल्लीने जाणार. वडील म्हणाले, "जाऊ दे. बरोबर आहे त्यांचे." आणि थोड्या वेळाने फाटक वाजले. मास्तर एकटेच आले होते. टोपी काढून हातात धरलेली. वडिलांना म्हणाले, "दादा, म्हणू का एक?"

वडिलांनी कितीतरी वेळ उत्तर दिले नाही. मग उठून खुर्ची बाजूला सरकवली आणि म्हणाले, "म्हणा."

त्यांनी पेटी आणली नाही, ढोलकी आणली नाही. बत्तीही कोपऱ्यावरच ठेवली. अंधारातच सगळे अंगणात येऊन उभे राहिले आणि 'सायलेंट नाइट' मराठीतून म्हणू लागले. हे गाणे ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ नावाच्या लहानशा गावातले. योसेफ मोर या तरुण पाद्र्याने शब्द लिहिले, फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराने चाल बांधली, आणि १८१८ सालच्या २४ डिसेंबरला दोघांनी ते नुसत्या गिटारवर म्हटले. मोर वरच्या आवाजात, ग्रुबर खालच्या. तोही पाळणाच आहे.

मी दारात उभी होते. पहिल्या ओळीलाच मला कळले की आल्टो नाही. नाही म्हणजे दोघी होत्या, पण एकीचा घसा बसलेला आणि दुसरी नवीन, ती सोप्रानोच्या मागे गेलेली. वरचा सूर होता, बास होता, मध्ये रिकामे. आई उभी राही तेवढी जागा त्या गाण्यात मला अगदी स्पष्ट ऐकू येत होती. दुसऱ्या कडव्याला मी दारातूनच आल्टो म्हणू लागले. मोठ्याने नाही. पायरीवरून खाली उतरले नाही, रांगेत गेले नाही. मध्ये एकदा आवाज फुटला, तेव्हा मास्तरांनी मागे न पाहता हात किंचित खाली केला, म्हणजे सर्वांनी हळू, आणि सगळे माझ्यासाठी हळू झाले. मग मी शेवटपर्यंत म्हटले.

गाणे संपल्यावर कोणी सांत्वनाचे बोलले नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. शेजारच्या काकू मागल्या दाराने आत येऊन चहाला आधण ठेवून मोकळ्या झाल्या होत्या, इतक्या माणसांना कप पुरले नाहीत म्हणून आपल्या घरचे घेऊन आल्या. वडिलांनी सगळ्यांना आपल्या हाताने चहा दिला. आई गेल्यापासून त्यांनी केलेले ते पहिले काम. निघताना मास्तर मला म्हणाले, "उद्या पाचला तालीम. दुसऱ्या ओळीतला मी थोडा वर लाव." एवढेच. दुसऱ्या दिवशी पाचला मी गेले, आणि रात्रीच्या उपासनेत आईच्या जागेवर उभी राहिले. पुढे लग्न होईपर्यंत तीच जागा माझी.

२००० साली लग्न होऊन मी या गावी आले. आमच्या पंथाचे लोक इथे थोडे. गायक मंडळ उभे राहील एवढे नाहीत. आता पुष्कळ ठिकाणी तयार संगीत यंत्रावर लावून त्यावर गातात. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण ते यंत्र कोणासाठी हळू होत नाही.

मग मी आपल्या मंगळवारच्या भजनात येऊ लागले. पहिल्याच दिवशी सवयीने खालचा सूर धरला, तर शेजारच्या वहिनींनी टाळ थांबवून विचारले, "बरं नाही का वाटत?" तेव्हापासून मी सर्वांबरोबर म्हणते, मात्र गजराला सगळ्या रंगात आल्या, की हळूच खाली उतरते. वहिनींना ते ठाऊक आहे. परवा म्हणाल्या, "तुम्ही खाली गेलात की माझा आवाज बरा लागतो हो." बत्तीस वर्षांत आल्टोला मिळालेली ही पहिली दाद, म्हणून इथे सर्वांसमक्ष सांगून टाकली.

आता शेवटचे, आणि हे चिटणीसबाईंच्या सांगण्यावरून. येत्या चोवीस डिसेंबरला आपल्या मंडळात सर्वांनी मिळून नाताळचे एक गाणे म्हणावे असे ठरत आहे. तो पाळणाच घेणार आहोत, मराठीतला, दोन आवाजांत. वरच्या आवाजासाठी अकरा जणींनी नावे दिली आहेत. खालच्या आवाजाला अजून मी एकटीच आहे. ज्यांचा आवाज जाडा म्हणून लहानपणापासून मागे बसवले गेले आहे, अशा तीन-चार जणी मला हव्यात. सूर वाचता येत नाहीत, याची काळजी नको. ते मी फळ्यावर लिहून देईन. तालीम शुक्रवारी दुपारी तीनला, मंडळाच्या हॉलमध्ये, सतरंजी घालून. येताना ज्येष्ठमधाचा तुकडा आणावा.